डिलाइटसाठी काळाशी जुळणारे इंजिन: कोणते घ्यावे आणि त्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी 1966 साली घेतलेली फियाट 1100 डिलाइट आपल्या घरी आहे. 1990 च्या सुमारास वडिलांनी तिच्यातले पेट्रोल इंजिन काढून जुने जपानी डिझेल इंजिन बसवून घेतले. ते आता पुरते निकामी झाले आहे आणि गाडी मूळ रूपात आणण्याची आपली इच्छा आहे. आपल्यापुढे तीन इंजिने आहेत: मुंबईच्या टॅक्सीतून निघालेले 1988 चे पद्मिनीचे इंजिन, इटलीतला एक विक्रेता देऊ करत असलेले 1100 डीचे 1221 सीसीचे इंजिन, आणि आपल्या मेकॅनिकने सुचवलेले प्रीमियर 118 एनईचे इंजिन. यांपैकी काळाशी जुळणारे कोणते, असे आपण विचारले आहे.

माझे सरळ उत्तर असे आहे की या तिघांत टॅक्सीचे इंजिन मूळच्या सर्वांत जवळचे आहे. मात्र ते आहे तसे बसवले तर तेही 1966 चे ठरणार नाही, आणि त्याचे पैसे देण्याआधी आपण दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, आरसी बुकात आज कोणता इंजिन नंबर आणि कोणते इंधन नोंदलेले आहे. दुसरी, डिझेल इंजिन बसवताना गाडीच्या पुढच्या भागात काय कापले आणि काय जोडले गेले आहे. गेली तीस वर्षे पुण्यात मी मुख्यतः फियाटचीच कामे करतो. या काळात इंजिन न मिळाल्यामुळे अडलेली गाडी मी क्वचित पाहिली. इंजिन आधी घेतले आणि बाकीचे नंतर पाहू म्हटले, अशा अडलेल्या गाड्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

काही गोष्टी आपल्या हेतूवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असेल किंवा रॅलीत परीक्षकांपुढे उभी करायची असेल, तर कसोटी कडक असते. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे एवढाच हेतू असेल, तर बऱ्याच बाबतींत सवलत घेता येते. आपण मूळ रूप हा शब्द दोनदा वापरला आहे, म्हणून पुढचे सगळे कडक कसोटी धरून लिहितो.

या इंजिनाचे कूळ समजून घेतले की निम्मा गोंधळ मिटतो. फियाटने 1937 साली 508 सी ही गाडी आणली, तिचे चार सिलिंडरचे, डोक्यात व्हॉल्व्ह असलेले इंजिन 1089 सीसीचे होते. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, 75 मिलिमीटर. 1953 साली इटलीत नवी 1100-103 आली तेव्हाही हीच मापे कायम होती आणि ताकद 36 अश्वशक्ती होती, ती पुढे 40 वर गेली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1954 पासून ही गाडी आपल्याकडे आणली. आपल्या लोकांनी तिच्या गोल पाठीवरून आणि नाकावरून तिला प्रेमाने डुक्कर फियाट म्हटले. मग सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट आल्या, 1964 साली डिलाइट आली, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचे नाव आधी प्रेसिडेंट व नंतर पद्मिनी झाले. पद्मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत इंजिनाची मापे 68 आणि 75 हीच राहिली. म्हणजे एका व्यास-स्ट्रोकने साठ वर्षे काढली.

याच दीर्घ आयुष्यामुळे फसगत होते. विक्रेता म्हणतो, सगळे 1089 सीसीच तर आहे, कोणतेही चालेल. मापे सारखी असली म्हणजे इंजिन सारखे होत नाही. युद्धापूर्वीचा ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य भाग) आणि 103 चा ब्लॉक वेगळे आहेत. 103 च्या घराण्यातही कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, वीजनिर्मितीची व्यवस्था आणि बाहेरचे छोटे भाग वेळोवेळी बदलत गेले. म्हणून मी काळाशी जुळणे हे तीन थरांत पाहतो. आतला थर ब्लॉक आणि त्यावरचे हेड (ज्यात व्हॉल्व्ह असतात) यांचा. ते त्याच घराण्याचे आणि त्याच देशातल्या गाडीसाठी बनलेले हवेत. मधला थर बाहेरच्या साजाचा. डायनॅमो, कार्ब्युरेटर, एअर क्लीनर, पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर हे त्या सालच्या गाडीवर होते तसेच हवेत. तिसरा थर कागदांचा. ब्लॉकवरचा नंबर, तो कुठून आला याचा पुरावा आणि आरसी बुकातली नोंद एकमेकांशी जुळायला हवेत. तिन्ही थर एकाच विक्रेत्याकडे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. पहिला आणि तिसरा थर एकत्र मिळवावा, मधला हळूहळू जमवावा.

आता इटलीच्या इंजिनाबद्दल. विक्रेत्याने आपल्याला सांगितलेली गोष्ट खरी आहे: इटलीतली 1100 डी आणि आपली डिलाइट दिसायला एकच आहेत आणि तिकडच्या 1100 डीला 1221 सीसीचेच इंजिन होते. त्याचा व्यास 72 मिलिमीटर आहे, स्ट्रोक तोच 75. मात्र प्रीमियरने डिलाइटचे शरीर इटलीच्या 1100 डीचे घेतले आणि इंजिन 1089 सीसीचेच ठेवले. तेव्हा आपल्या आजोबांच्या गाडीत कुर्ल्याच्या कारखान्यातून जे इंजिन बसून आले, ते इटलीच्या 1100 डीचे कधीच नव्हते. तोरिनोतल्या, म्हणजे इटलीतल्या फियाटच्या कारखान्यातल्या, गाडीसाठी जे शंभर टक्के अस्सल आहे ते आपल्या गाडीत घातले तर बदल ठरते, आणि आरसी बुकातला 1089 हा आकडाही खोटा पडतो. त्यात जहाजाचे भाडे आणि कस्टम ड्युटी आलीच. मोह होतो हे खरे, कारण ते इंजिन कमी चाललेले, स्वच्छ आणि थोडे अधिक ताकदीचे असते. तरीही आपल्या हेतूसाठी ते मी घेणार नाही.

118 एनईच्या इंजिनावर फार शब्द खर्च करत नाही. ते 1985 साली आलेल्या गाडीचे आहे, मुळात निसानचे ए-12, 1171 सीसीचे. ते चालते उत्तम, सुटे भागही अजून मिळतात, आणि रोज फियाट चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी ते बसवून सुख अनुभवले आहे. आपल्या मेकॅनिकने ते सुचवले यात त्याची चूक नाही, तो चालण्याचा विचार करतो आहे. 1966 च्या गाडीशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

राहिले टॅक्सीचे इंजिन. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्याआधी अनेक वर्षे त्या एकेक करून मोडीत निघत होत्या, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि इतरत्र ही इंजिने आली. ती मिळणे सोपे आहे, पण त्यांच्यामागचा इतिहास जड आहे. टॅक्सी दोन पाळ्यांत चालत असे. पहिली काही वर्षे पेट्रोलवर चालून पुढे बहुतेक गाड्या सीएनजीवर गेल्या. सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात. ब्लॉक अनेकदा रिबोअर झालेला (सिलिंडर कापून रुंद केलेला) असतो, क्रँक अनेकदा घासलेला असतो आणि हेड किती वेळा फेसिंग केले (घासून सपाट केले) याचा हिशेब कोणाकडेच नसतो. हे दोष भरून काढता येतात, फक्त आधी ते मोजायला हवेत.

विक्रेता इंजिन जमिनीवर ठेवून, रेडिएटरविना दोन मिनिटे चालवून दाखवेल. त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तसे चाललेले इंजिन केवळ एवढेच सांगते की त्यात स्फोट होतो. मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो, एकदा कोरडे आणि एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून. तेल घातल्यावर आकडा ठळक वाढला तर रिंग आणि बोअर गेले आहेत, फारसा वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे आहे. त्यानंतर हेड उघडण्याची अट घालतो. हेड उघडू न देणाऱ्याकडून ब्लॉक घेऊ नये, मग तो किती का स्वस्त देईना.

हेड उघडल्यावर बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावा. मूळ व्यास 68 मिलिमीटर आहे. तो 69 पर्यंत गेलेला असेल तर इंजिन सुमारे 1122 सीसीचे झालेले आहे. चालायला त्याने काही बिघडत नाही, पण पुढच्या रिबोअरिंगसाठी धातू किती उरला आणि त्या मापाचे पिस्टन मिळतात का, हे प्रश्न उभे राहतात. अशा वेळी लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) बसवून पुन्हा 68 वर आणणे हा उपाय मला अधिक पटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्या-मुंबईतही हे काम नीट करणारे जुने लेथवाले अजून आहेत. ब्लॉकमध्ये आधीच लायनर असतील तर ते बसवताना वरची कड सपाट राखली आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावे. त्यात खाचखळगा असेल तर नवे गॅस्केटही टिकणार नाही.

पाण्याच्या वाटांकडे आपण विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे थंडीने ब्लॉक फुटत नाहीत, बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने ते आतून खाल्ले जातात. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे काढून आत बोट घालावे; तांबडा चिखल आला तर धुऊन निघतो, पण पापुद्रे सुटून आले तर भिंत पातळ झाली आहे असे समजावे. हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि ब्लॉक बिडाचा, त्यामुळे घाणेरड्या पाण्यात हेडच्या भोकांच्या कडा आधी खाल्ल्या जातात. त्या वेल्डिंगने भरता येतात, पण हेड आधीच खूप घासून पातळ झाले असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. हेडची जाडी चारही कोपऱ्यांत मोजून, शक्य तर एखाद्या न घासलेल्या हेडशी ताडून पाहावी. क्रँकला या इंजिनात तीनच मेन बेअरिंग आहेत, म्हणून त्यातला वाक आणि जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा) लांबटपणा लगेच आवाजात उतरतो. क्रँक घासण्यापूर्वी चुंबकीय पद्धतीने तडे तपासून घ्यावेत. तडा गेलेला क्रँक घासून त्यावर नवी बेअरिंग बसवणे म्हणजे पैसे दोनदा घालवणे आहे.

आता नंबराचा विषय. हे मी अनुभवातून बोलतो आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी एका व्यापाऱ्याकडून डिलाइटचे म्हणून इंजिन घेतले. ब्लॉकवरचा नंबर वाचता येत होता, प्रकाराचा संकेत बरोबर होता, किंमतही रास्त होती. गॅरेजात आणून धुतल्यावर दिसले की नंबराच्या सपाट जागेवर ग्राइंडरच्या तिरप्या रेषा आहेत आणि अंक त्या रेषांच्या वर ठोकलेले आहेत. म्हणजे जुना नंबर खरवडून नवा घातला होता. ते इंजिन आम्ही परत केले, पैसे मात्र पूर्ण परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी नंबराची जागा रॉकेलने आणि मऊ ब्रशने स्वतः साफ करतो, टॉर्च आडवी धरून पाहतो आणि जागेवरच पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा) घेतो. कारखान्यात ठोकलेले अंक एका ओळीत, साधारण एकाच खोलीचे असतात आणि त्यांच्या खालचा पृष्ठभाग आजूबाजूच्या पृष्ठभागासारखाच जुना दिसतो.

याच मुद्द्याला जोडून एक विनंती आहे. आपल्या आरसी बुकात मूळ 1966 चा नंबर अजून असेल तर कोणीतरी आपल्याला सुचवील की पद्मिनीच्या ब्लॉकवर तोच नंबर ठोकून घ्या, म्हणजे सगळे जुळेल. कृपा करून असे करू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय त्याने आपल्या गाडीचा खरा इतिहास कायमचा पुसला जातो. बदललेले इंजिन नोंदवलेले असणे यात कमीपणा काही नाही. जाणकार परीक्षक बदललेल्या, पण योग्य प्रकारच्या इंजिनाला समजून घेतो, खोट्या नंबराला घेत नाही.

तसे पाहता सर्वांत उत्तम उत्तर आपल्या तिन्ही पर्यायांच्या बाहेर आहे, ते म्हणजे आपले स्वतःचे जुने इंजिन. 1990 च्या सुमारास डिझेल बसवणारे मेकॅनिक काढलेले पेट्रोल इंजिन बहुधा मजुरीच्या हिशेबात ठेवून घेत, कधी मालकाला परत देत. सांगलीच्या एका कुटुंबाच्या सुपर सिलेक्टसाठी मी दोन महिने इंजिन शोधत होतो. शेवटी त्यांच्या आत्याबाईंनी सहज विचारले की वाड्याच्या मागच्या खोलीत पोत्यांखाली जे लोखंड आहे ते तर नव्हे ना. तेच होते, आणि त्याचा नंबर आरसी बुकाशी जुळला. पिस्टन गंजून अडकले होते, ते डिझेल आणि ऑइलच्या मिश्रणात आठवडाभर भिजवून सोडवावे लागले. आपल्या वडिलांना किंवा त्यांच्या वेळच्या मेकॅनिकला, तो हयात नसेल तर त्याच्या मुलाला, हे एकदा विचारून घ्या. फोन करायला खर्च येत नाही.

ते इंजिन मिळाले नाही असे धरून पुढे जाऊ. फियाट 1100-103 आणि तिची सगळी भावंडे वेगळ्या चासीवर बांधलेली नाहीत, त्यांचे शरीर हाच सांगाडा आहे. त्यामुळे डिझेल इंजिन बसवताना माउंटिंगसाठी जे काही कापले किंवा वेल्ड केले, ते गाडीच्या हाडांवर केलेले काम आहे. डिझेल इंजिन जड असते, म्हणून पुढचे सस्पेन्शनही अनेकदा बदललेले असते. गिअरबॉक्स बदलला असेल तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर जाऊन खाली लिव्हर आलेला असतो, त्यासाठी फ्लोअरला भोक पाडलेले असते आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त केलेली असते. क्लच, बेल हाउसिंग, रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, स्पीडोमीटरची केबल, काहीच मूळचे राहिलेले नसते. आपल्या प्रश्नात यांपैकी कशाचाच उल्लेख नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा इथेच आहे.

म्हणून मी बहुतेकांना सुटे इंजिन घेण्याऐवजी एक अख्खी, कागदपत्रे असलेली, शरीराने गेलेली पण यंत्राने बरी अशी पद्मिनी घेण्याचा सल्ला देतो. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असलेलीच घ्यावी, शेवटच्या काळातल्या खालच्या गिअरच्या गाड्या या कामाला उपयोगी नाहीत. अशा एका गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, गिअरच्या कड्या, माउंटिंग, रेडिएटर आणि शाफ्ट एकदम मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माउंटिंगच्या जागा मोजायला अस्सल नमुना हाताशी राहतो. आपल्या गाडीत कापलेला भाग कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या कोनात होता, हे फोटोवरून ठरवता येत नाही. जागा कमी असेल तर दुसरी गाडी चार महिन्यांसाठी कोणाच्या शेतावर उभी करावी लागेल, ही अडचण मला मान्य आहे.

बाहेरच्या साजाकडे वळू. 1966 च्या गाडीला डायनॅमो होता, टॅक्सीच्या इंजिनावर बहुधा आल्टरनेटर असेल. कार्ब्युरेटर दोन्हींचा सोलेक्सचाच, तरी मॉडेल आणि जेट वेगळे असू शकतात. बॉडीवरचे अंक वाचून मगच घ्यावा. एअर क्लीनरचा डबा, व्हॉल्व्हचे झाकण, तेल भरण्याचे टोपण, पंख्याची पाती हे भाग मुद्दाम लिहितो, कारण बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना पहिल्यांदा तेच दिसतात आणि भंगारात पहिल्यांदा तेच हरवतात. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट्टै अशा ठिकाणी ते सापडतात, मात्र मागितल्या दिवशी सापडत नाहीत. हातात मूळ भागाचा फोटो आणि माप ठेवून वर्षभर फिरायची तयारी ठेवावी. एक वैयक्तिक मत नोंदवतो: इंजिन आरशासारखे चकचकीत करून, झाकणाला क्रोम चढवून बसवलेली फियाट मला खोटी वाटते. कारखान्यातून ती तशी आलीच नव्हती.

कायद्याची बाजू कंटाळवाणी असली तरी ती टाळता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत केलेला बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो. 1990 मध्ये डिझेलची नोंद झाली होती की नाही, यावर आपली पुढची वाट ठरेल. नोंद झाली असेल तर आता पेट्रोल आणि नव्या इंजिनाचा नंबर पुन्हा नोंदवायचा आहे. झाली नसेल तर कागदांवर गाडी अजून पेट्रोलचीच आहे आणि फक्त नंबर बदलतो आहे. दोन्ही वेळा इंजिनाच्या खरेदीची पावती आणि ते ज्या गाडीतून आले तिची कागदपत्रे लागतील, म्हणून टॅक्सीचे इंजिन घेताना त्या टॅक्सीच्या नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागावा. भाग काढण्यासाठी अख्खी पद्मिनी घेतलीत तर तिचीही नोंदणी कलम 55 खाली रीतसर रद्द करून घ्यावी, नाहीतर ती कागदांवर आपल्या नावे जिवंत राहते. आरटीओत जाण्यापूर्वी अर्ज, पावत्या आणि पेन्सिल प्रिंट एका फाइलमध्ये लावून न्यावेत, कारण पन्नास-साठ वर्षांच्या गाडीच्या नोंदी संगणकावर अर्धवट असतात आणि समजावून सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

विंटेज नोंदणीचे नियम केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. जिची आधीच नोंदणी आहे तिला मूळ नंबर ठेवता येतो. हे आपल्याला महत्त्वाचे वाटेल, कारण आजोबांच्या गाडीचा नंबर सोडायला घरात कोणी तयार नसते. मात्र विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच आणता येते. डिझेल इंजिनासह आपली गाडी या व्याख्येत बसणार नाही हे उघड आहे. त्याच घराण्याच्या 1089 सीसी इंजिनासह ती बसावी असे माझे मत आहे, निर्णय मात्र तपासणी समिती गाडी पाहून घेते. म्हणून काढलेले, कापलेले आणि पूर्ववत केलेले प्रत्येक काम तारखेसह फोटोत ठेवावे.

इंजिन बांधताना आजच्या पेट्रोलचा विचार करून दोन बदल करावेत, ते बाहेरून दिसत नाहीत आणि कोणाचा आक्षेपही नसतो. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि 2000 सालापासून आपल्याकडे शिसे नसलेलेच पेट्रोल मिळते, तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट आणि त्याला साजेसे व्हॉल्व्ह घालावेत. दुसरे असे की आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते किंवा चिरते. पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशर-गॅस्केट आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घ्याव्यात, आणि टाकी आतून गंजली असेल तर इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच ती उतरवून साफ करावी. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून ठेवावे.

क्रम विचाराल तर आधी आरसी बुकाची स्पष्ट प्रत काढा आणि वडिलांच्या मेकॅनिकचा माग घ्या. मग डिझेल इंजिन उतरवून पुढची जागा पूर्ण धुऊन घ्या आणि दोन्ही बाजूंच्या माउंटिंगचे, फायरवॉलचे, गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीचे आणि फ्लोअरवरच्या भोकाचे फोटो पट्टी धरून काढा. ते फोटो आणि आरसी बुकावरचे इंधन व सीसी मला कळवलेत, तर सुटे इंजिन पुरेल की अख्खी पद्मिनी घ्यावी लागेल, हे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन. तोपर्यंत टॅक्सीच्या इंजिनाला बयाणा देऊ नका. विक्रेता घाई करत असेल तर त्याला एवढेच विचारा की हेड उघडून बोअर मोजू देणार का आणि टॅक्सीच्या रद्द नोंदणीचा कागद देणार का.